अटक झाली की नर्सिंगची नोंदणी जाते का?

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेचा दिवस. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा शासकीय रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली. विभागात १७ रुग्ण होते. त्या दिवशी ११ जण दगावले. दोन दिवसांनी राज्य शासनाने कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही डॉक्टर आणि एक परिचारिका निलंबित झाल्या, आणखी दोन परिचारिकांची सेवाच समाप्त करण्यात आली. ९ नोव्हेंबरला पोलिसांनी एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना अटक केली.

आग लागल्यापासून अटकेपर्यंत जेमतेम तीन दिवस गेले. विजेची जोडणी, अग्निसुरक्षेची तपासणी, बाहेर पडण्याची वाट या गोष्टी वॉर्डात पाळीवर असलेल्या सिस्टरच्या हातात असतात का, असा सवाल करत परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला होता. तिथेही कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त झाली आणि पुढच्याच महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला.

या दोन घटनांमध्ये कोण किती दोषी, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. मात्र अशी बातमी आली की परिचारिकांच्या घरोघरी एक प्रश्न विचारला जातो. अटक झाली म्हणजे नर्सिंगची नोंदणी रद्द होते का? चार वर्षे शिकून, परीक्षा देऊन, परिषदेकडून मिळवलेला तो क्रमांक एका रात्रीत पुसला जातो का?

थोडक्यात उत्तर असे, की अटकेने नोंदणी आपोआप जात नाही. परंतु अटकेमुळे नोकरी जाऊ शकते, पगार थांबू शकतो, परदेशाची वाट अडू शकते. आणि हे सगळे दोष सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी घडू शकते. म्हणून या गोष्टी एकमेकींत न मिसळता वेगवेगळ्या समजून घेणे गरजेचे आहे.

तीन दरवाजे, तीन किल्ल्या

परिचारिकेवर गुन्हा दाखल झाला की तिच्यासमोर तीन वेगवेगळी प्रकरणे उभी राहतात. पहिले पोलीस आणि न्यायालयाचे. तिथे प्रश्न असतो, गुन्हा घडला का आणि तो हिनेच केला का. दुसरे नोकरी देणाऱ्याचे. तिथे प्रश्न असतो, सेवेचे नियम मोडले का. तिसरे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे. तिथे प्रश्न असतो, ही व्यक्ती परिचर्येचा व्यवसाय करण्यास योग्य आहे का.

तिन्हींचे कायदे वेगळे, पुराव्याचे मोजमाप वेगळे आणि वेगही वेगळा. न्यायालयात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खातेनिहाय चौकशीत मात्र, हे घडले असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवले तरी पुरते. त्यामुळे एका ठिकाणी निर्दोष ठरलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणी दोषी ठरू शकते. आणि एका ठिकाणचा कागद दुसरीकडे आपोआप पोहोचेल, याचीही खात्री नसते.

पहिला दरवाजा : पोलीस आणि न्यायालय

रुग्णाच्या मृत्यूनंतर निष्काळजीपणाचा आरोप झाला, तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ लागत असे. त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती आणि ती डॉक्टर, परिचारिका, वाहनचालक अशा सर्वांना सारखीच होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे कलम १०६ (१) झाले. आता कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. मात्र वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून असे घडले, तर कमाल शिक्षा दोनच वर्षांची.

इथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक कोणाला म्हणायचे, हे त्याच कलमात सांगितले आहे. ज्याची पात्रता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार मान्य आहे आणि ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे, तो. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते, वैद्यकीय नोंदवहीत नसते. म्हणजे शब्दशः वाचले, तर एकाच खाटेशी, एकाच रुग्णावर काम करणाऱ्या डॉक्टरला कमाल दोन वर्षे आणि परिचारिकेला कमाल पाच वर्षे. नव्या कायद्यातल्या या फरकाची परिचारिकांना फारशी कल्पना नसते.

तरीही कलम १०६ (१) खालचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले की चित्र पालटते. तो गुन्हा अजामीनपात्र असतो. जामिनासाठी न्यायालयापुढे उभे राहावे लागते आणि तोवर कोठडी होऊ शकते. म्हणून प्राथमिक माहिती अहवालात, म्हणजे एफआयआरमध्ये, कोणते कलम आहे हे घरच्यांनी सर्वांत आधी पाहावे. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या एका आकड्यावर ठरतात.

अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की उपचारातील साधी चूक किंवा निर्णयातील गफलत हा फौजदारी गुन्हा होत नाही. त्यासाठी निष्काळजीपणा अतिशय ठळक स्वरूपाचा असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी त्या विषयातील स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरधोपटपणे अटक करू नये, असेही त्यात आहे. हे मार्गदर्शन डॉक्टरांच्या संदर्भात दिलेले आहे. पण त्यामागचे तत्त्व परिचारिकेच्या वकिलालाही न्यायालयापुढे मांडता येते. दुसरा निकाल २ जुलै २०१४ चा, अर्णेश कुमार प्रकरणातला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. ती का गरजेची आहे, याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस आली तर ती टाळू नये. वेळेवर हजर राहणे हाच अटक टाळण्याचा सरळ मार्ग आहे.

अटक झालीच, तर काही हक्क पक्के आहेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे. जवळच्या व्यक्तीला कळवले पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे. आणि स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

दुसरा दरवाजा : नोकरी

सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात आपटतो तो हा दरवाजा. राज्य शासनाच्या सेवेतील कायम परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात. त्यातील नियम ४ नुसार कर्मचारी ४८ तासांपेक्षा अधिक काळ पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत राहिला, तर तो अटकेच्या दिवसापासून निलंबित झाल्याचे मानले जाते. गुन्हा रुग्णालयातला असो, नात्यातल्या भांडणाचा असो किंवा रस्त्यावरच्या अपघाताचा असो. ४८ तास मोजले जातात ते कोठडीचे, गुन्ह्याचा प्रकार तिथे पाहिला जात नाही. म्हणून जामिनाचा अर्ज एका दिवसाने लांबला, तर त्याची किंमत नोकरीत मोजावी लागू शकते.

निलंबन ही शिक्षा नव्हे, हे पुष्कळांना पटत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती तात्पुरती व्यवस्था आहे. या काळात निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका असतो. पहिल्या तीन महिन्यांनंतर त्याचा आढावा होतो आणि चौकशी लांबण्यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल, तर तो वाढवता येतो. मात्र त्यासाठी, आपण दुसरीकडे नोकरी करत नाही, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. निलंबनाच्या काळात एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी केली आणि ते उघड झाले, तर मूळ प्रकरणाशेजारी आणखी एक प्रकरण उभे राहते. निलंबन वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात मर्यादा घातली. तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन पुढे चालू राहू नये, असे त्यात म्हटले आहे.

आता कंत्राटी परिचारिकेकडे पाहू. राष्ट्रीय आरोग्य अभियान असो किंवा महापालिकेची ठोक मानधनावरची नेमणूक असो, तिचा करार ठरावीक महिन्यांचा असतो आणि काही दिवसांचा खंड देऊन पुन्हा केला जातो. वॉर्ड तोच, गणवेश तोच, जबाबदारीही तीच. पण १९७९ च्या नियमांचे छत्र तिच्यावर नाही. निलंबन नाही, म्हणून निर्वाह भत्ताही नाही. शासनाला तिची सेवा समाप्त करणे सर्वांत सोपे असते. अहमदनगर आणि भंडारा या दोन्ही ठिकाणी निलंबन कोणाच्या वाट्याला आले आणि सेवासमाप्ती कोणाच्या, हे पाहिले की हा फरक स्पष्ट दिसतो. आरोप सारखाच असताना एकीला अर्धा पगार आणि चौकशीत बोलण्याची संधी, तर दुसरीला फक्त एक पत्र. अशा पत्रात दोषाचा ठपका असेल आणि बाजू ऐकून न घेता तो ठेवला असेल, तर त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. पण पगार थांबलेल्या घराला तेवढी लढाई परवडते का, हा प्रश्न उरतोच.

तिसरा दरवाजा : परिषद

महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली होते. नोंदवही ठेवते ती मुंबईतील महाराष्ट्र परिचर्या परिषद. नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार पोलिसांना नाही, रुग्णालयाला नाही आणि मंत्र्यांनाही नाही. तो परिषदेचा आहे. परिषदेलाही नोटीस देऊन, चौकशी करून, संबंधित परिचारिकेला म्हणणे मांडण्याची संधी देऊनच तो वापरता येतो. गैरवर्तन सिद्ध झाले, तर ताकीद देण्यापासून नाव काढून टाकण्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

परिषदेच्या दृष्टीने वजन असते ते दोषसिद्धीला, विशेषतः नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धीला. हा सरकारी शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. ज्या कृत्यात खोटेपणा, लबाडी, क्रौर्य किंवा नीचपणा असतो, ते कृत्य. रुग्णाचे दागिने चोरणे, गुंगीची औषधे साठ्यातून परस्पर विकणे, बनावट प्रमाणपत्र देणे, नवजात बालकांच्या विक्रीत हात असणे ही उघड उदाहरणे. घाईत झालेली औषधाची चूक ही सहसा त्या जातीची नसते. शेजाऱ्याशी भांडण झाले आणि तक्रार नोंदली गेली, तर तेही नाही. आणि अटक म्हणजे तर यातले काहीच नव्हे. ती तपासाची एक पायरी आहे.

तुलनेसाठी डॉक्टरांचे एक उदाहरण उपयोगी पडते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात, न्यायालयाने आरोप निश्चित केले की डॉक्टरची नोंदणी खटला संपेपर्यंत निलंबित करण्यासाठी वैद्यकीय परिषदेला कळवले जाते. दोष सिद्ध झाला, तर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षे आणि पुन्हा गुन्हा केल्यास कायमचे नाव काढले जाते. म्हणजे निकालापूर्वीच नोंदणी थांबवायची असेल, तर कायदा तसे स्वतंत्रपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगतो. तिथेही अटक पुरेशी धरलेली नाही. न्यायालयाने आरोप निश्चित करण्याची अट आहेच.

परिचर्येच्या कायद्यात बदलही होऊ घातले आहेत. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. त्यात राज्यांसाठी राज्य आयोगांची तरतूद आहे. उद्या दारावरची पाटी बदलेल, पण बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणाचे नाव काढायचे नाही, हे तत्त्व बदलत नाही.

एक साधी गोष्ट मात्र पुष्कळ वेळा घात करते. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. खटल्याच्या धावपळीत ही तारीख निघून जाते. अटकेने जी नोंदणी गेली नव्हती, ती विसरलेल्या नूतनीकरणामुळे खंडित होते. पुढे निर्दोष सुटूनही कामावर रुजू होताना अडचण येते ती इथे.

पालीतल्या एका घराचे उदाहरण

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तन आणि चौकच्या शेजारी, समुद्रालगत पाली हे मच्छीमारांचे गाव आहे. समजा, तिथली एक मुलगी मुंबईतील एका रुग्णालयात कंत्राटी परिचारिका आहे. गावातून बसने भाईंदर स्थानक, तिथून लोकल, असा रोजचा प्रवास. एके रात्री वॉर्डात चुकीचे इंजेक्शन दिल्याचा आरोप होतो, रुग्ण दगावतो, नातेवाईक तक्रार देतात.

गुन्हा जिथे घडला, त्या हद्दीतील मुंबईच्या पोलीस ठाण्यात नोंद होईल. तिचे घर मात्र मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, उत्तन सागरी पोलीस ठाण्याखाली येते. घरचे साहजिकच आधी उत्तनला धावतील, पण तपासाचे कागद, जामिनाचा अर्ज आणि न्यायालय हे सगळे मुंबईत असेल. पहिले काही तास असे चुकीच्या दाराशी जाऊ नयेत, म्हणून गुन्हा कोणत्या ठाण्यात आणि कोणत्या क्रमांकाने नोंदला आहे, हे सर्वांत आधी विचारावे. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मागावी.

तिला जामीन मिळाला आणि ती घरी आली, तरी परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव तसेच असेल. कायद्याने ती दुसऱ्या रुग्णालयात काम करू शकते. पण नव्या नोकरीच्या अर्जात, तुमच्यावर फौजदारी खटला आहे का, असा रकाना असतो. तिथे काय लिहायचे? याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग प्रकरणातील निकाल दिशा देतो. विचारलेली माहिती खरी द्यावी. क्षुल्लक प्रकरणात लपवाछपवी झाली असेल, तर मालक ती माफ करण्याचा विचार करू शकतो, पण दडवणे हेच नेमणूक रद्द करण्याचे कारण ठरू शकते. म्हणजे अटकेमुळे जी नोकरी कदाचित टिकली असती, ती खोट्या उत्तराने जाते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून अनेक परिचारिका आखाती देशांत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत जातात. त्यांच्यासाठी प्रलंबित खटला ही मोठी अडचण होते. न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल, तर १९६७ च्या पारपत्र कायद्याखाली पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. त्या वेळी संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन मर्यादित काळासाठी पासपोर्ट मिळवण्याची सोय आहे. शिवाय परदेशातील नियामक संस्था मूळ परिषदेकडून, या परिचारिकेविरुद्ध कारवाई नाही, अशा आशयाचे प्रमाणपत्र मागतात आणि पोलिसांचा दाखलाही मागतात.

तिथे पोहोचल्यावर नियम आणखी कडक होतात. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार परिचारिकेवर पोलिसांनी आरोप ठेवला, तर तिने स्वतःहून, शक्य तितक्या लवकर, कौन्सिलला कळवायचे असते. दोष सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते. रुग्णांना धोका वाटला, तर कौन्सिल चौकशी पूर्ण होण्याआधीही तिच्या कामावर हंगामी निर्बंध घालू शकते. इथली सवय, म्हणजे कोणी विचारले नाही तर सांगू नये, तिथे महागात पडते.

चूक सांगणाऱ्याला शिक्षा?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात घडलेले एक प्रकरण जगभरच्या परिचारिकांनी श्वास रोखून पाहिले. डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट रुग्णालयात एका परिचारिकेने शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले आणि वृद्ध रुग्णाचा मृत्यू झाला. चूक लक्षात येताच तिने ती स्वतः कबूल केली. राज्याच्या नर्सिंग बोर्डाने सुरुवातीला तिच्या परवान्यावर कारवाई केली नाही. २०१९ मध्ये तिला अटक झाली. त्यानंतर बोर्डाने प्रकरण पुन्हा उघडले आणि जुलै २०२१ मध्ये परवाना रद्द केला. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले आणि मे महिन्यात तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली.

या प्रकरणातील तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. परवान्याबाबत आधी एक निर्णय झाला होता. अटकेनंतर, त्याच घटनेवर, तो उलटला. अटक कायद्याने दोष ठरत नसली, तरी सर्वांची नजर ती बदलते. परिषदांनी आणि मालकांनी म्हणूनच बातमीच्या जोरावर नव्हे, तर चौकशीतून समोर आलेल्या गोष्टींवर निर्णय घेणे महत्त्वाचे ठरते.

याचा संबंध थेट रुग्णाशी आहे. रुग्णालयातील अपघात सहसा एकाच माणसामुळे घडत नाही, हे सुरक्षाशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी ते मांडले. एकमेकांमागे ठेवलेल्या अनेक अडथळ्यांतली भोके एका रेषेत आली की अपघात होतो. सारख्या दिसणाऱ्या कुप्या, अपुरे मनुष्यबळ, बंद पडलेला गजर, न झालेली तपासणी ही ती भोके. रेषेच्या शेवटी उभी असते ती पाळीवरची परिचारिका. तिलाच अटक करून प्रकरण मिटले असे समजले, तर आधीची भोके तशीच राहतात. शिवाय दुसऱ्या वॉर्डातली परिचारिका आपली चूक सांगताना दहा वेळा विचार करते. आणि न सांगितलेल्या चुकीवर उपचार करता येत नाही.

याचा अर्थ परिचारिकेला जाब विचारू नये, असा नाही. वॉर्ड सोडून निघून जाणे, नोंदी खोट्या करणे, रुग्णाला मारणे, औषध चोरणे याला क्षमा नाही. ज्यांचे माणूस गेले, त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. पण ते मिळवण्याचे पोलीस ठाणे हे एकमेव ठिकाण नाही. नातेवाइकांना परिचर्या परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, रुग्णालयाकडे चौकशी मागता येते, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते.

गुन्हा दाखल झाल्यास काय करावे?

- प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मिळवून कलमे पाहावीत. अजामीनपात्र कलम असेल, तर अटकपूर्व जामिनासाठी ताबडतोब वकील गाठावा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.
- पोलिसांची नोटीस आल्यास दिलेल्या दिवशी हजर राहावे आणि पोच जपून ठेवावी.
- रुग्णाच्या कागदपत्रांत मागाहून एक अक्षरही बदलू नये. निष्काळजीपणाच्या आरोपातून सुटका होऊ शकते, पण नोंदीतल्या खाडाखोडीमुळे लबाडीचा आरोप ओढवतो. आणि नोंदणीला खरा धोका तिथेच असतो.
- त्या पाळीत किती रुग्ण होते, किती परिचारिका होत्या, कोणाला काय कळवले होते, याचे टिपण आठवणीत ताजे असतानाच तारीख-वेळेसह लिहून वकिलाकडे द्यावे.
- सरकारी सेवेत असल्यास अटकेची माहिती वरिष्ठांना लगेच लेखी द्यावी. निलंबनाचा आदेश, निर्वाह भत्त्याचा अर्ज आणि प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये ठेवावीत.
- परिषदेचे पत्र आले तर ते बाजूला ठेवू नये. दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. उत्तरच न दिल्यास एकतर्फी निर्णय होऊ शकतो. पत्ता बदलला असेल, तर परिषदेला कळवावे.
- नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या दुसऱ्या कोणालातरी सांगून ठेवावी.
- खटल्यातून सुटका झाली, तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ती मालकाकडे आणि प्रकरण परिषदेपर्यंत गेले असेल तर तिथेही स्वतः द्यावी. निर्दोष सुटल्याने नोकरी आपोआप परत मिळत नाही, ती अर्ज करूनच मागावी लागते.

कुटुंबीयांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. अटक होऊन आलेल्या व्यक्तीला झोप न लागणे, सतत तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, लोकांसमोर जाण्याची भीती वाटणे, जगण्याची इच्छा कमी होणे हे त्रास होऊ शकतात. ज्या परिचारिकेच्या हाताखाली रुग्ण दगावला, तिला त्या मृत्यूचे ओझे वेगळे असते. घरातल्यांनी चौकशीच्या सुरात पुन्हा पुन्हा तेच विचारू नये. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

अटक, निलंबन आणि नोंदणी रद्द होणे हे तीन वेगळे शब्द आहेत, पण गावात आणि बातमीत ते एकाच अर्थाने वापरले जातात. 'सिस्टरला पोलिसांनी नेले' एवढ्यावर तिचा निकाल लागतो. कायदा मात्र तिला निकालापर्यंत परिचारिकाच मानतो. तिचा नोंदणी क्रमांक तोवर शाबूत असतो. तो शाबूत आहे हे तिला, तिच्या घरच्यांना आणि पुढे तिला कामावर घेणाऱ्या रुग्णालयाला माहीत असणे, एवढ्यानेही एखादी चांगली परिचारिका कायमची घरी बसण्यापासून वाचू शकते.